टाचणीएवढं भोक

लोह्याहून नांदेडला जा की अहमदपूरमार्गे लातूरला, रस्त्याकडेला कुठेतरी पोकलेन मशीन चालू दिसतंच. शिवारात ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर विहिरीच्या काळ्या पाषाणात होल मारत असतो. या यंत्रांची भीती वाटते ती त्यांच्या धुडाची: बकेट लागेल, दगड उडेल. रक्त जास्त तर इजा मोठी, हा हिशेब तिथे जमतो. दाबाच्या बाबतीत तो साफ उलटा पडतो. मोटारसायकलच्या चाकात चौरस इंचाला 30 पौंडांच्या आसपास हवा असते, होल मारणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये साधारण 100, आणि पोकलेनच्या हायड्रॉलिक होजमधल्या तेलावर 5,000 च्या घरात. कातडी भेदायला 100 पौंडही पुरतात. होजला सुईच्या टोकाएवढी चीर पडली, तर तिच्यातून येणारी, जवळजवळ न दिसणारी धार हातमोज्यासकट बोटात शिरते. टोचल्यासारखं होतं, थेंबभर रक्त येतं, सुरुवातीला बोट फारसं दुखतही नाही. मग हळद आणि टीटीच्या इंजेक्शनवर भागवलं जातं. आत मात्र तेल तळहाताकडे पसरत असतं. सूज चढून रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मांस मरू लागतं. हे तेल एक्स-रेत सहसा उमटत नाही, त्यामुळे 'फोटो नॉर्मल' हा दिलासाही फसवा. बोट उघडून धुण्याची शस्त्रक्रिया पहिल्या सहा तासांत व्हावी लागते. उशीर झाला की ते कापण्याचीच वेळ येऊ शकते. विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय लोह्याहून नांदेडच्या वाटेवरच आहे. तिथे 'काहीतरी टोचलं' नव्हे, 'दाबाचं तेल घुसलंय' असंच सांगायला हवं. आणि तोवर शेक नको, चोळणं नको.

जुने ऑपरेटर म्हणतील, वीस वर्षं अंगठा फिरवूनच गळती शोधतोय. खरंही असेल, कारण बऱ्याच गळत्या कपलिंगमधून नुसत्या पाझरतात, त्यांत जोर नसतो. पण पाझर कुठला आणि चीर कुठली, हे अंगठ्याला भोक पडल्यावरच कळतं. होजजवळून खोक्याचा पुठ्ठा फिरवला की त्यावरचा डागच गळती दाखवतो, खर्च शून्य. 'मशीन बंद करूनच हात घालतो', हे उत्तर जास्त धोक्याचं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. बूम वर राहिला असेल तर इंजिन बंद असूनही त्याचं सगळं वजन तेलावर असतं. बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर चारदा हलवून दाब उतरवायचा, मग पाना लावायचा. कॉम्प्रेसरच्या टाकीतही इंजिन थांबल्यावर हवा कोंडलेलीच असते. तीच नळी संध्याकाळी अंगावरची धूळ उडवायला वापरतात. ती हवा डोळा आणि कानाचा पडदा फाडू शकते. मस्करीत मागून लावली तर आतडंही. धूळ झटकायला खांद्यावर गमछा असतो.