पोकर: चौघं उरले की गणित बदलतं

नऊ जणांची छोटी टूर्नामेंट धरा. बक्षिसं 50, 30, 20. आता चौघंच उरलेत, चिप्स सारख्या. म्हणजे प्रत्येकाचा वाटा 25. समोरच्याने सगळ्या चिप्स लावल्या. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट, पण वाटा 50 होत नाही! मेसन माल्मथ यांनी 1987 मध्ये पोकरला लावलेल्या आयसीएम मॉडेलने तो 38.33 भरतो. हरलात तर शून्य. म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता 65 टक्के हवी. एक्का-राजा विरुद्ध राण्यांची जोडी असेल तर ती जेमतेम 43 ते 46 असते. टाका पानं!

गंमत म्हणजे समोरचाही याच कात्रीत असतो. म्हणून आधी पैज लावताना हात मोकळा, कॉल करताना आखडता. त्यात चौघांत दर चार डावांत दोनदा ब्लाइंड भरावा लागतो, त्यामुळे चांगल्या पानांची वाट बघत बसणं महागात पडतं. तिघं उरले की मात्र 20 पक्के. मग 65 चा आकडा 57 वर येतो.

पुण्यात पेटची तयारी करणाऱ्यांनी 38.33 कागदावर काढून बघावं: पहिल्या नंबराचे 25, दुसऱ्याचे 10, तिसऱ्याचे 3.33. पहिला येण्याची शक्यता म्हणजे चिप्समधला हिस्सा. पुढे उरलेल्यांत पुन्हा तेच.