कागदाला बारमाही पाणी हवे

धाराशिवला कागदगिरण्यांची परंपरा नाही. त्याचे मुख्य कारण मला बालाघाटाच्या माथ्यावरच्या अपुऱ्या पाण्यात दिसते. कागद बनवताना पदोपदी पाणी लागते: चिंध्या भिजवून कुटायच्या, धुवायच्या, लगदा हौदात कालवायचा, मग साच्यावर त्याचा पातळ थर अलगद उचलायचा. पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल १८८५ साली निघाली, ती मुळा-मुठेच्या काठीच. यावर कोणी म्हणेल, दौलताबादजवळचा कागजीपुराही मराठवाड्यातलाच. तिथे शतकानुशतके हातकागद कसा झाला? प्रश्न रास्त आहे. पण हातकागदाच्या हौदाचे थोडक्या पाण्यावर भागते, शिवाय शेजारी राजधानी असल्याने गिऱ्हाईक दारातच होते. गिरणीला मात्र बारमाही प्रवाह लागतो, आणि धाराशिवच्या तेरणा-बोरी नद्या उन्हाळ्यात आटतात.