प्रिंट निघून नाही राह्यली

सकाळी ८. चहा हातात असतानाच बुलढाण्यातल्या एका सेवा केंद्रातून ताईंचा फोन. "भाऊ, प्रिंट निघून नाही राह्यली. काल सांजच्यापासून." जून महिना आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे प्रवेश चालू आहेत, आणि खरिपाच्या पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ काढायला शेतकरी त्याच खिडकीवर उभे आहेत. मी फोनवरच विचारतो, दिवा कोणता लागलाय, शेवटची प्रिंट कधी निघाली आणि त्यानंतर तिथे काय हललं? शेवटच्या प्रश्नाला "काहीच नाही" असंच उत्तर येतं. तरी तो विचारायचाच, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

९.३०. केंद्राबाहेर चपलांचा ढीग. देऊळघाटहून आलेले एक आजोबा पुढेच उभे, नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. "आज भेटन ना, भाऊ? उद्या शेवटचा दिवस हाय पोरीचा." त्यांचा दाखला मंजूर झालेला, संगणकात दिसतोय. अडलाय तो फक्त टेबलावरच्या दोन हात केबलमध्ये.

प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद भरलेला. संगणकामागे वाकून पाहिलं तर केबल शेजारच्या खाचेत. झाडताना ओढली गेली असेल, कुणीतरी परत खोचली. विंडोजला वाटतं की हा नवा प्रिंटर आला. तो त्याच नावापुढे 'कॉपी १' लावून दुसरी नोंद करतो. डिफॉल्ट मात्र जुनीच नोंद राहते, फिकट झालेली, ऑफलाइन. ताई कालपासून प्रिंट देत होत्या त्या सगळ्या तिथे जमा. नवी नोंद डिफॉल्ट केली, जुनीतल्या प्रिंटा रद्द करायला घेतल्या तर त्या 'डिलीटिंग' म्हणत तशाच अडून बसल्या. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटांची रांग सांभाळणारी सेवा, थांबवायचा, सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं 'प्रिंटर्स' रिकामं करायचं, स्पूलर पुन्हा चालू करायचा.

आजोबांचा दाखला सगळ्यात आधी काढला. मग ताईंना खुर्चीवर बसवून हेच सगळं त्यांच्या हातून एकदा करून घेतलं, आणि मराठीत लिहून भिंतीला चिकटवलं. वर मोठ्या अक्षरात: प्रिंट आली नाही तर पुन्हा बटण दाबू नका. प्रत्येक दाबणं म्हणजे नवं काम, ते रांगेत जाऊन बसतं. हे शिकवलं तर माझा धंदा बुडेल असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत घातली, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा तलाठ्याच्या सहीशिवाय मिळू लागला. एवढं सगळं झाल्यावर माणसाचा दिवस एका केबलपायी जावा, हे मला सहन होत नाही.

११.३०. येळगाव धरणावरून चिखली. एका पतसंस्थेत लेझरजेट १०२०, माझ्या आवडीचं यंत्र. साधं, टिकाऊ, आणि भाग कुठेही मिळतात. त्याच्या पॅनेलवर एकही बटण नाही, दोनच दिवे. त्याची खासियत अशी की त्याला चालवणारी आज्ञावली त्याच्यात कायमची साठवलेली नसते. प्रिंटर चालू झाला की दर वेळी ती संगणकाकडून ड्रायव्हरमार्फत त्याच्यात उतरते. सकाळी लाइन जाऊन आली. संगणक यूपीएसवर, म्हणून चालूच राहिला. प्रिंटर बंद पडून उठला, पण आज्ञावली त्याच्यात पुन्हा उतरली नाही. प्रिंटर बंद केला, केबल काढली, चालू करून केबल परत लावली. आतला रोलर थोडा फिरल्याचा आवाज आला, म्हणजे उतरली. मॅनेजर म्हणाले, प्रिंटरही यूपीएसवर टाकू का? अजिबात नको. टोनर वितळवायला फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि त्या क्षणी एकदम कितीतरी वीज ओढतो. लहान यूपीएस तिथेच कोलमडतो, आणि संगणकालाही घेऊन जातो.

दुपारी २. एका ग्रामपंचायतीत कागद अडकत होता. रिम फोडून खिडकीशी ठेवलेली, पावसाळी हवेने पानं ओलसर. कोरडी रिम लावली, पिकअप रोलर ओल्या फडक्याने पुसला. झालं.

४. दुकान. अकोल्याहून एसटीने आलेलं पार्सल सोडवलं: ड्रम, ब्लेड, फ्यूजरचं टेफ्लॉन. मग रिफिलचं काम, तोंडाला मास्क लावून. लेझर प्रिंटर झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी घडवला त्याला पन्नास वर्षं उलटली, पण मूळ काम बदललेलं नाही. लेझर ड्रमवर विजेचं चित्र काढतो, त्याला टोनर चिकटतो, कागदावर उतरतो, उष्णतेने पक्का होतो. म्हणून खराब पान फेकू नका, मला आणून द्या, असं मी सगळ्यांना सांगतो. पानावर तोच ठिपका सुमारे ७५ मिलिमीटरवर पुन्हा पुन्हा उमटला, तर १०२० च्या कार्ट्रिजचा ड्रम दुखावलाय; ड्रमचा घेर तेवढाच असतो. अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर टोनरला दोष देऊ नये, फ्यूजर बघावा. हाताला लागलेला टोनर थंड पाण्याने धुवायचा. ते प्लास्टिकच आहे, गरम पाण्याने चिकटतं.

आज दोन जणांनी विचारलं, नवाच घेऊ का? टेफ्लॉन बदलून काम भागत असताना नवा घ्या म्हणणं मला जमत नाही.

७. शटर ओढताना मोताळ्याहून शाळेतल्या बाबूंचा फोन. "नवीन कार्ट्रिज टाकलं, तरी कोरा कागद येऊन राह्यला."

"बाजूची पट्टी ओढली का, बाबू?"

"कोणती पट्टी?"

"कार्ट्रिजच्या कडेला एक कडी असते. धरून सरळ ओढा, लांबलचक सील बाहेर येईल."

थोड्या वेळाने फोनवरच प्रिंटर फिरल्याचा आवाज आला. बाबू म्हणाले, उमटली, टीसी निघाली. उद्या मोताळ्यासाठी राजूर घाट उतरायला नको. सकाळी आधी मेहकरचं फ्यूजरचं काम घेता येईल.