सागराच्या खोलीची मर्यादा

समुद्राच्या तळाशी काय दडले आहे, याचे कुतूहल मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. मोती काढणारे पाणबुडे श्वास रोखून तळ गाठीत. पण थोड्याच वेळात त्यांना वर यावे लागे. १९४३ साली झाक कुस्तो व एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे एक सुटसुटीत उपकरण सिद्ध केले. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून मनुष्य माशाप्रमाणे संचार करू लागला. अशा उपकरणाला 'स्कूबा' म्हणतात.

हवा बरोबर असताना मग वाटेल तितके खोल का जाऊ नये? याचे उत्तर पाण्याच्या दाबात आहे. जमिनीवर वातावरणाचा जेवढा दाब आपल्यावर असतो, तेवढाच दाब समुद्रात दर १० मीटरांना वाढत जातो. ३० मीटरांवर तो चौपट होतो. पाणबुड्याला तितक्याच दाबाची हवा घ्यावी लागते. त्यामुळे हवेचा साठा लवकर संपतो आणि हवेतील नत्रवायू शरीरात अधिक विरघळतो. सुमारे ३० मीटरांखाली या वायूने गुंगी येऊ लागते.

कुस्तोंचे कुशल सहकारी मॉरिस फार्ग यांनी १९४७ साली तुलों बंदराजवळ खोलीचा विक्रम करण्यासाठी बुडी घेतली. दोरीला बांधलेल्या पाटीवर त्यांनी १२० मीटरांवर सही केली. परंतु वर ओढून घेतले तेव्हा त्यांच्या तोंडातील नळी सुटलेली होती. त्यांचे प्राण वाचले नाहीत.

वर येतानाही धोका असतो. सोडावॉटरची बाटली उघडताच दाब कमी होऊन बुडबुडे उसळतात. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याच्या शरीरातही नत्रवायूचे असेच बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात. प्रसंगी पक्षाघात होतो. टप्प्याटप्प्याने वर आल्यास हे संकट टळते, असे जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली दाखवून दिले. आजही पाणबुडे सावकाश वर येतात आणि पृष्ठभागाखाली ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबतात.

म्हणूनच हे शिक्षण पायरीपायरीने दिले जाते. 'पॅडी' या प्रसिद्ध संस्थेच्या नियमांप्रमाणे पहिल्या पायरीवर १८ मीटर, दुसरीवर ३० मीटर आणि खोल बुडीचे खास शिक्षण घेतल्यावर ४० मीटर अशी मर्यादा असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरांखाली जाता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथेही हे शिक्षण मिळते.

प्रवाळ, रंगीबेरंगी मासे, डोलणाऱ्या वनस्पती यांचे वैभव थोड्या खोलीवरही विपुल आहे. परतीची वाट ज्याने नीट शिकून घेतली, त्यालाच ते पुन्हा पुन्हा पाहता येते.