विमानवाहू जहाजाचा पाठ
वसमतकडील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. १९६१ साली नौदलात आलेली ‘विक्रांत’ निवृत्तीनंतर काही वर्षे मुंबईस संग्रहालय म्हणून पाहावयास मिळे. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली व ती सोय संपली. तेव्हा शिक्षकांनी २०२२ मध्ये दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’ची २६२ मीटर लांबी मुलांकडून प्रत्यक्ष मोजवून घ्यावी. शाळेचे मैदान बहुधा अपुरे पडेल. मग गाडीवाट धरावी. एवढ्या जागेत सुमारे १६०० माणसे राहतात, रांधतात आणि समुद्राचेच पाणी गोडे करून पितात, हे तेथेच सांगावे.

उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीकडील आकडा आडव्या पोलादी तारेत अडकून ते थांबते. हे फळ्यावर उमगत नाही. दोघांनी दोरी धरावी, तिसऱ्याने आकडीची काठी घेऊन धावत यावे. दोरी मात्र ताठ न धरता हळूहळू सैल सोडावी. जहाजावरही तसेच करतात.