पिकअप, ॲव्हरेज आणि धूर : डिझेल सेडानच्या फेरबदलाची बोली व वस्तुस्थिती

कोणत्याही व्यवसायाची बोली त्या व्यवसायात काय मोजले जाते हे सांगते. काय मोजले जात नाही, याचीही साक्ष तीच बोली देते. मोटारदुरुस्तीच्या मराठी बोलीत या विधानाचा उत्तम पडताळा येतो. पुनावळे, रावेत, ताथवडे या महामार्गालगतच्या पट्ट्यात जुनी डिझेल सेडान घेऊन गॅरेजात येणारा ग्राहक व तेथील मिस्त्री यांच्या संभाषणात तीन शब्द पुनःपुन्हा येतात : पिकअप, ॲव्हरेज आणि धूर. गाडी 'सुधारली' की नाही, याचा निवाडा या तीन शब्दांतच होतो. या शब्दांचा यंत्रशास्त्रीय अर्थ स्पष्ट करणे आणि त्यांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या चौथ्या राशीचे स्वरूप दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा विषय परका नाही. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१० पासून तेथे 'व्हेंटो' ही सेडान तयार होऊ लागली. पुणे जिल्ह्यातीलच रांजणगाव येथे फियाटची 'लिनिया' व टाटांची 'मांझा' या गाड्या बनत. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि त्या सुमारास फोक्सवॅगन व मारुती या दोन्ही कंपन्यांनी भारतात डिझेल गाड्या विकणे थांबविले. तेव्हापासून लहान डिझेल सेडान मुख्यतः जुन्या गाड्यांच्या बाजारात उरली. नवी मिळत नाही, जुनी मोडवत नाही. अशा वेळी आहे तीच गाडी अधिक जोमदार व अधिक काटकसरी करून घेण्याकडे मालकाचा कल होणे स्वाभाविक आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'ॲव्हरेज' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सरासरी. मराठी बोलीत मात्र तो 'एका लिटरमध्ये तोडलेले किलोमीटर' या एकाच अर्थी स्थिरावला आहे. 'इंधनकार्यक्षमता' हा पारिभाषिक शब्द छापील मजकुरात भेटतो. गॅरेजात तो कोणी उच्चारीत नाही. तेथे 'गाडी किती देते?' एवढाच प्रश्न पुरतो. परिमाण अध्याहृत, कर्मही अध्याहृत. 'म्हैस किती देते?' या प्रश्नाची वाक्यरचना नेमकी हीच आहे, आणि दोन पिढ्यांपूर्वी शेतीवर जगणाऱ्या या गावांत ती रचना मोटारीला सहज लागू झाली, यात नवल नाही. 'पिकअप' म्हणजे वेग घेण्याची तत्परता. तो कमी असला की गाडी 'ओढत नाही'. 'धूर' हा तिघांतला एकटा देशी शब्द असून तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचे नाव आहे.

आता या शब्दांमागील यंत्रव्यवहार पाहावयाचा. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबून इतकी तापविली जाते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. हवेचे प्रमाण येथे सामान्यतः गरजेपेक्षा अधिकच असते, आणि इंजिनाची ताकद प्रामुख्याने इंधनाच्या मात्रेवर ठरते. मात्रा वाढविली की टॉर्क, म्हणजे चाकाला पीळ देणारे बल, वाढते. हवा अपुरी पडू लागेपर्यंत हा व्यवहार सरळ चालतो. त्यापुढे न जळलेल्या कार्बनचा काळा धूर निघू लागतो. टर्बो हे यंत्र निष्कास वायूच्या जोरावर अधिक हवा कोंबते आणि ही मर्यादा पुढे सरकविते.

किती इंधन, केव्हा, कोणत्या दाबाने फवारावयाचे आणि टर्बोने किती हवा भरावयाची, हे इंजिनाच्या संगणकातील कोष्टके ठरवितात. या कोष्टकांना 'मॅप' म्हणतात. ती बदलून लिहिण्याच्या क्रियेस 'रीमॅप' हे नाव पडले. एकच लोखंड निरनिराळ्या रचनेने किती निराळे वागते, याचे चांगले उदाहरण फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन होय. मारुतीच्या डिझायरमध्ये ते ७५ अश्वशक्ती व १९० न्यूटन-मीटर टॉर्क देई. लिनियामध्ये तेच इंजिन ९० अश्वशक्तीच्या पुढे व २०९ न्यूटन-मीटरपर्यंत गेले. परंतु हा फरक केवळ कोष्टकांचा नव्हता. लिनियात पात्यांचा कोन बदलू शकणारा टर्बो बसविलेला होता. उत्पादकाने ताकद वाढविली ती हवेची सोय करून, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

गॅरेजात उपलब्ध असलेले उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे वर सांगितलेला रीमॅप. दुसरा, वायरिंगच्या मध्ये बसविण्याची एक छोटी पेटी. इंधनाचा दाब मोजणाऱ्या संवेदकाचा संदेश ही पेटी अडविते आणि दाब आहे त्याहून कमी असल्याचे संगणकास कळविते. संगणक ते खरे मानून दाब वाढवितो. म्हणजे येथे यंत्र सुधारलेले नसते. यंत्राला खोटे सांगितलेले असते. दोन्ही उपायांनी पिकअप वाढतो, हे खरे. व्हेंटोच्या १.६ लिटर डिझेल इंजिनाची मूळ क्षमता १०५ अश्वशक्ती व २५० न्यूटन-मीटर. तीत पाव हिश्शाने वाढ करून देण्याची भाषा या व्यवसायात सर्रास ऐकू येते.

या वाढीचा भार मात्र इंजिनाबरोबर पुढील भागांवरही पडतो. २०१४ पासून डिझेल व्हेंटोला जो सात गियरांचा स्वयंचलित डीएसजी गियरबॉक्स मिळू लागला, त्याची कोरड्या क्लचची रचना २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच आखलेली आहे. आणि इंजिनाचा मूळ टॉर्कही २५० न्यूटन-मीटर आहे. येथे राखीव जागा जवळजवळ नाहीच. हाताने गियर बदलण्याच्या गाडीतही क्लच घसरू लागणे, टर्बो व पिस्टन यांवरील उष्णतेचा ताण वाढणे, हे परिणाम काही काळाने दिसतात. ते फेरबदलाच्या दिवशी दिसत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख त्या दिवशीच्या संभाषणात येत नाही.

ॲव्हरेजची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाणारी सेडान लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर तासाला ४ लिटर डिझेल जळते. एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाग कार्यात उतरतो, असे धरले तर इंजिन त्या वेळी १३-१४ किलोवॉट, म्हणजे १८-१९ अश्वशक्ती एवढेच काम करीत असते. १०५ अश्वशक्तीपैकी उरलेली निद्रिस्त असते. रीमॅपमधील मुख्य बदल पूर्ण भाराच्या कोष्टकांत होतात. रोजचा प्रवास आंशिक भारावर चालतो. तेव्हा ताकद वाढल्याने ॲव्हरेज आपोआप वाढावे, यास आधार थोडा. काही मालकांस वाढ प्रत्ययास येते ती बहुधा कमी फेऱ्यांवरच टॉर्क मिळू लागल्याने वरचा गियर लवकर टाकता येतो म्हणून. वाढलेल्या पिकअपचा उपभोग घेणाऱ्यास उलट अनुभव येतो.

शिवाय ॲव्हरेज ही सरासरी आहे, आणि सरासरी कशाची हे सांगितल्याखेरीज तिला अर्थ नसतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, ही संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. तिच्या नावाने जाहिरातींत छापले गेलेले आकडे प्रयोगशाळेतील रुळांवर, ताशी ९० किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या ठराविक चालनचक्रातून मिळालेले होते. पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी रांगेत घुटमळणाऱ्या गाडीशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर मोजण्याची मालकांची रीत एकाच मार्गावर, अनेक टाक्यांपर्यंत पाळली, तर ती पुष्कळ विश्वसनीय ठरते. मात्र मोठ्या घेराचे टायर बसविले असल्यास अंतरमापक प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवितो आणि हिशेब चुकतो, हे स्मरणात ठेवावे.

आता तिसरा शब्द. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी म्हणजे मोकळ्या इंजिनाचा वेग एकदम वाढवून निघणाऱ्या धुराची अपारदर्शकता मोजणे. भारत स्टेज ४ गाडीस प्रतिमीटर १.६२ ही शोषणगुणकाची मर्यादा आहे. ही चाचणी दिसणारा धूरच मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे तीत मोजली जातच नाहीत. ज्वलनाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की, हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन ही ऑक्साइडे झपाट्याने बनू लागतात. ती श्वसनमार्गास अपायकारक असून सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन निर्माण होतो. निष्कासनळीतून बाहेर पडताना ती डोळ्यांस दिसत नाहीत. भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीस त्यांची मर्यादा प्रतिकिलोमीटर ०.२५ ग्रॅम होती. भारत स्टेज ६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आणण्यात आली.

येथेच या विषयाची खरी अडचण आहे. काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे नाते तराजूच्या दोन पारड्यांसारखे असते. इंधन थोडे आधी फवारले तर ज्वलन अधिक तापते, कार्यक्षमता वाढते, काजळी घटते, ऑक्साइडे वाढतात. ती घटावीत म्हणून उत्पादक निष्कास वायूचा काही अंश परत इंजिनात सोडतो. ही ईजीआरची व्यवस्था. तिच्यामुळे तापमान उतरते, परंतु आतील मार्गांत काजळी साचते. म्हणून ईजीआरची झडप पत्रा लावून किंवा कोष्टकातून कायमची बंद करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. ती बंद केली की पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, धूर कमी होतो, ॲव्हरेजही किंचित वाढू शकते, आणि पीयूसीची चिठ्ठी अधिक सहज मिळते. बोलीतील तिन्ही शब्दांच्या दृष्टीने गाडी सुधारलेली असते. बिघडलेली असते ती चौथी राशी, आणि तिला या बोलीत नावच नाही.

ही त्रुटी केवळ गॅरेजापुरती आहे, असे मानण्याचे कारण नाही. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन आवरणारी संगणकप्रणाली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. त्यानंतर एआरएआयने भारतातील गाड्यांची रस्त्यावर तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. भारतीय निकषांचा भंग मात्र तिने मान्य केला नाही. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस मनाई केली. जे चाचणीपुरतेच मोजले जाते, ते चाचणीपुरतेच पाळले जाते, एवढे या प्रकरणावरून दिसून येते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत फेरबदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

मग जुन्या सेडानच्या मालकाने काय करावे? प्रथम जे हरवले आहे ते परत मिळवावे. टायरमधील हवा, चाकांचे अलाइनमेंट, घासत राहणारे ब्रेक, टर्बोकडून येणाऱ्या नळीतील गळती, जीर्ण इंजेक्टर आणि काजळीने भरलेली ईजीआर झडप यांची क्रमाने तपासणी करावी. झडप बंद न करता साफ करून घ्यावी. वेगाचाही विचार व्हावा, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर जाताच तो दीडपटीहून अधिक होतो. 'पिकअप गेला' म्हणून रीमॅपसाठी आलेल्या गाडीचा पिकअप पुष्कळदा एका फाटलेल्या नळीतून गेलेला असतो.

राहिला प्रश्न नाव नसलेल्या राशीचा. परिभाषा समितीने शब्द घडविल्याने तो बोलीत रुजत नाही, हे 'इंधनकार्यक्षमता' या शब्दाच्या अनुभवावरून स्पष्ट आहे. उलट 'बीपी' व 'शुगर' या डोळ्यांना न दिसणाऱ्या राशी मराठी घरांत रोजच्या बोलण्यात आल्या, त्या मोजण्याचे साधन हाताशी आले आणि कागदावर आकडा मिळू लागला म्हणून. पीयूसीच्या चिठ्ठीवर डिझेल गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडांचा आकडा ज्या दिवशी छापला जाईल, त्या दिवशी मिस्त्री त्याला आपला शब्द देईल आणि ग्राहक त्याविषयी विचारू लागेल. तोवर 'गाडी किती देते?' या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहणार. कारण गाडी मालकाला काय देते एवढेच त्यात सांगितले जाते, रस्त्यालगत राहणाऱ्यांना ती काय देते हे सांगितले जात नाही.