जमिनीतील संपत्ती आणि माणसाचे उत्पन्न : काही रूढ गैरसमज

चंद्रपूर–मूल–गडचिरोली मार्गावरील सावली तालुक्याच्या पश्चिमेस कोळशाच्या खाणी आणि मोठे औष्णिक वीज केंद्र आहे, पूर्वेस वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचे अरण्य सुरू होते, त्या अरण्याच्या दक्षिण भागात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आहे आणि खुद्द तालुक्यात धानाच्या बांधी व त्यांना पाणी पुरवणारे माजी मालगुजारी तलाव आहेत. इतक्या संपत्तीने वेढलेल्या प्रदेशातील माणूस गरीब कसा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु साधनसंपत्ती आणि उत्पन्न यांचे नाते सरळ आहे असे या प्रश्नाने आधीच गृहीत धरलेले असते.

ज्या भूमीत खनिज त्या भूमीत श्रीमंती, हा यांतील सर्वांत जुना समज होय. एली हेक्शर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये आणि त्याचा विद्यार्थी बर्टिल ओहलिन याने १९३३ मध्ये जो सिद्धान्त मांडला, त्यात जमीन, श्रम आणि भांडवल या उत्पादनघटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण महत्त्वाचे ठरते. एखादा घटक 'विपुल' आहे याचा अर्थ तो इतर घटकांच्या मानाने अधिक आणि म्हणून स्वस्त आहे. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोली जिल्ह्यात वन आणि खनिज विपुल, तर भांडवल, रस्ते व तांत्रिक शिक्षण दुर्मीळ, म्हणून तेथून कच्चा माल बाहेर जातो आणि यंत्रे व तयार वस्तू आत येतात, हे या सिद्धान्ताशी जुळणारेच आहे. अशा व्यापारातून कोणाचे उत्पन्न किती होईल, हे मात्र साठ्याच्या आकारावरून कळत नाही. जपान आपले जवळजवळ सर्व लोहखनिज आयात करतो (विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातील काही गोव्याहून जात असे) आणि तरीही पोलादाच्या मोठ्या निर्यातदारांत मोडतो, तर गडचिरोली दरडोई उत्पन्नात राज्याच्या तळच्या जिल्ह्यांत आहे.

जो सर्वांत स्वस्त पिकवतो तोच विकू शकतो, हा दुसरा समज डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्येच खोडून काढला होता. त्याच्या उदाहरणात कापड आणि मद्य या दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत होत असूनही पोर्तुगालने मद्यावर आणि इंग्लंडने कापडावर भर देणे दोघांच्याही हिताचे ठरते, कारण एक वस्तू करताना दुसरी किती सोडावी लागते हा खरा खर्च असतो. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात. सावलीच्या बांधीत खरिपात पाणी साचते, तेथे सोयाबीन किंवा कापूस तग धरत नाही, म्हणून धान लावताना सोडावे लागणारे दुसरे पीक जवळजवळ नसतेच आणि उत्पादकतेत इतर प्रांत पुढे असले तरी येथे रोवणी होते.

मग तांदळाच्या निर्यातीत देश अव्वल असेल तर धान पिकवणारा सुखी असला पाहिजे, असे मानले जाते. जगाच्या तांदूळ-व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. तथापि शेतकरी विकतो ते धान. शासकीय भरडाईच्या निकषानुसार १ क्विंटल धानापासून ६७ किलो तांदूळ मिळावा लागतो; उरलेल्यात तूस आणि कोंडा असतो, तूस बॉयलरमध्ये जळते, कोंड्यापासून खाद्यतेल निघते आणि तुटलेली कनकी वेगळी विकली जाते. साधारण धानाचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला २,३०० रुपये होता. त्यापुढील प्रत्येक टप्प्याचे मूल्य भांडवल ज्याच्या हाती त्याला मिळते. शिवाय निर्यातीचे दार सरकारच्या हाती असते. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा जागतिक भाव पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेले. देशांतर्गत ग्राहकाला दिलासा देण्यासाठी घेतलेला तो निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेईपर्यंत या चढ्या भावाचा लाभ धान-उत्पादकाला घेता आला नाही.

ज्ञानही उत्पादनघटकच असते, ही गोष्ट येथे हमखास विसरली जाते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून जे वाण तयार केले, ते घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून अनेक राज्यांत पसरले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्या वाणाची कीर्ती मोठी आणि त्यातून त्यांना मिळालेले उत्पन्न किरकोळ होते.

खाण सुरू झाली की स्थानिकांची मजुरी आपोआप वाढते, हा समज अर्थशास्त्राच्या आधारेही मांडला जातो. स्टॉल्पर आणि सॅम्युएल्सन यांनी १९४१ मध्ये दाखवले की, व्यापार खुला झाल्यावर देशातील विपुल घटकाच्या मालकाचे उत्पन्न वाढते आणि दुर्मीळ घटकाच्या मालकाचे घटते. भारतात श्रम विपुल आहेत, तेव्हा लाभ मजुराला व्हावा. परंतु मजूर एका उद्योगातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतो, हे या निष्कर्षाचे गृहीतक आहे. उघड्या खाणीत डंपर आणि उत्खनक यंत्रे लागतात, माणसे त्या मानाने थोडी, आणि यंत्रचालकाचे कौशल्य धानशेतीतून येत नाही. सुरजागडच्या खाणपट्ट्याचा करार २००७ चा आहे. लोहखनिजावर सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते आणि १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या आणखी ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजामागे राज्याला १५ आणि बाधित क्षेत्राच्या नावाने साडेचार रुपये. हे खनिज आधी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या कारखान्यात जात असे, आता चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथेही प्रक्रिया उभी राहत आहे, ही बाब स्वागतार्ह असली तरी तेथील वेतन कोणाच्या घरी जाते हे प्रशिक्षणावरच ठरेल.

साधन तेच राहून केवळ मालकी बदलल्याने उत्पन्न कसे बदलते, याचे उदाहरण बांबूने दिले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद उद्योगाला दीर्घकाळ येथील जंगलांतून बांबू मिळत आला, आणि तो तोडणाऱ्या गावकऱ्याच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी येई. वनहक्क कायदा, २००६ अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू, हवामान आणि तोडणारे हात तेच होते. विक्रेता बदलला होता. तेंदूपानाचेही तसेच झाले. ७० पानांचा एक पुडा बांधणारी बाई पूर्वी ठेकेदाराच्या मजुरीवर होती, आता अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात आणि मजुरीशिवायची रक्कम गावात राहते. बाजारभाव पडल्यास फटकाही गावालाच बसतो, हे अर्थात लक्षात घेतले पाहिजे.

व्यापार फक्त वस्तूंचा होतो, हा शेवटचा समज. ओहलिनच्या मते वस्तूंची देवाणघेवाण ही त्यांत गुंतलेल्या घटकांचीच देवाणघेवाण असते, आणि घटकांच्या जागी वस्तू फिरल्याने माणसाला फिरण्याची गरज कमी होते. सावलीत याच्या उलट दिसते. धानाची कापणी-मळणी उरकली की सावली, मूल, सिंदेवाही आणि नदीपलीकडच्या गावांतील कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेथील 'तेजा' जातीची मिरची चीनपर्यंत निर्यात होते, तेव्हा या तालुक्याचे श्रम परदेशी पोचतात ते दुसऱ्या राज्याच्या मालातून; आणि मजुरीचा काही भाग मिरचीच्याच रूपाने, पोत्यात भरून, उन्हाळ्यात गावी परततो.